चिमूटभर भेसळीचा उजेड

हातातला मोबाइल जरा उलटा करा. कॅमेऱ्याशेजारी टॉर्च असतो. तो बंद असताना नीट पाहिलंत, तर आत एक पिवळा ठिपका दिसेल. पण टॉर्च लावला की उजेड पडतो पांढरा! (चालू टॉर्चमध्ये थेट बघू नका हं.) असं का होतं?

त्या पिवळ्या थराखाली निळा प्रकाश देणारी बारीकशी चिप असते. तिचा थोडा निळा प्रकाश पिवळा थर शोषून घेतो आणि पिवळा करून बाहेर सोडतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. घरातल्या बहुतेक एलईडी बल्बमध्येही हेच घडतं. पण ही निळी चिप शास्त्रज्ञांना बरीच वर्षं जमत नव्हती आणि अडचण होती चिमूटभर भेसळीची.

चिप बनते सेमिकंडक्टरपासून, म्हणजे अर्धवाहकापासून. उदाहरणार्थ, सिलिकॉन. अगदी शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेम वाहते. त्यात दर एक कोटी अणूंमागे फॉस्फरसचा फक्त एक अणू मिसळला, तर वीज वाहून नेण्याची त्याची क्षमता लाखाहून जास्त पटींनी वाढते. एक कोटीत एक म्हणजे किती? 2011च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 68 लाख होती. या अख्ख्या दिल्लीत दोन पाहुणे आले आणि शहराचा सगळा कारभारच बदलला, असं समजा!

निळ्या चिपमध्ये मात्र गॅलियम नायट्राइड आणि इंडियम नायट्राइड एकमेकांत विरघळलेले असतात. याला म्हणतात घन द्रावण. 22 कॅरेटच्या दागिन्यात तांबं सोन्यात मिसळून जातं, तसंच. कोण किती, यावर रंग ठरतो. नुसतं गॅलियम नायट्राइड डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश देतं. गॅलियमच्या शंभरातल्या साधारण पंधरा-वीस जागा इंडियमला दिल्या की निळा मिळतो, आणखी वाढवल्या की हिरवा.

रंग ठरला, पण दिवा पेटायला दोन प्रकारचे थर लागतात. एकात जास्तीचे इलेक्ट्रॉन हवेत, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. पहिला थर जमला. दुसऱ्यासाठी गॅलियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम घालायचं, कारण त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो. कागदावर सगळं बरोबर होतं. प्रत्यक्षात मॅग्नेशियम घालूनही काही होईना!

1989 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी त्या थरावर इलेक्ट्रॉनचा झोत मारला आणि मॅग्नेशियम कामाला लागलं. खरा चोर 1992 मध्ये सापडला. निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की थर बनवताना वापरलेल्या अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून बसतो. तो थर नायट्रोजनमध्ये सुमारे 700 अंश सेल्सिअसला तापवला की हायड्रोजन निघून जातो. 2014 मध्ये या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडतं. दुधात चमचाभर विरजण घातलं की दही लागतं आणि मिठाचा खडा पडला की तेच दूध नासतं. चिपमध्ये मॅग्नेशियम विरजण ठरलं आणि हायड्रोजन मिठाचा खडा.

आता हिशेब बघा. 60 वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला 9 युनिट जळतात. 9 वॉटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. 5 जानेवारी 2015 ला दिल्लीत एलईडी बल्ब वाटपाची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा साऊथ ब्लॉकमधला एक जुना बल्ब काढून तिथे एलईडी लावला गेला होता.

गॅलियम नायट्राइडची गोष्ट दिव्यावर संपत नाही. दिल्लीतच तिमारपूरला डीआरडीओची सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी आहे. याच पदार्थाचे ट्रान्झिस्टर तिथे देशी पद्धतीने तयार झाले आहेत. रडारसारख्या यंत्रणांसाठी ते लागतात आणि दुसऱ्या देशांकडून हे तंत्र सहजासहजी मिळत नाही. अशा ट्रान्झिस्टरमध्ये सहसा इंडियमऐवजी अ‍ॅल्युमिनियम मिसळतात. तिथेही नको ते अणू राहून गेले, तर वीज भलत्याच वाटेने गळते. म्हणून काय घालायचं याइतकंच काय येऊ द्यायचं नाही, हेही सांभाळावं लागतं.

आज घरातल्या मुलांना तो पिवळा ठिपका नक्की दाखवा आणि विचारा, पांढरा उजेड आला कुठून? उत्तर आता तुमच्याकडे आहेच!