शाळा बंद, इंजिन मात्र चालू

दिल्लीतील हवा विषारी झाली म्हणून नोव्हेंबर 2016 मध्ये तेथील शाळा बंद ठेवण्यात आल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा तीच पाळी आली आणि मुलांना घरी बसून धडे गिरविण्यास सांगण्यात आले. शासनाला शाळेचे दार बंद करता येते. परंतु त्याच दारासमोर वर्षभर उभ्या राहणाऱ्या मोटारींची इंजिने बंद करविणे मात्र त्याला आजवर साधलेले नाही.

शाळा सुटण्याच्या वेळी महानगरातील एखाद्या खासगी शाळेच्या फाटकापाशी उभे राहून पाहावे. मोटारींची रांग लागलेली असते. उन्हाळ्यात गारव्यासाठी, हिवाळ्यात उबेसाठी आणि पुष्कळदा केवळ सवयीने इंजिने चालू असतात. गाडी तसूभरही पुढे सरकत नाही, इंधन मात्र जळत राहते. या रांगेतून वाट काढीत पायी घरी जातात ती जवळच्या महापालिका शाळेतील मुले. हा धूर रोज सोसतात तो फाटकावरचा पहारेकरी आणि कडेला बसलेली फळवाली. ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांच्याच वाट्याला तिचा धूर अधिक येतो.

हा धूर काय करतो, हे आता अज्ञात राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराची गणना मानवाला कर्करोग जडविणाऱ्या सिद्ध घटकांत केली. मूल आपल्या वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते आणि त्याचे तोंड सायलेन्सरच्या अधिक जवळ असते. दक्षिण कॅलिफोर्नियात 10 ते 18 वर्षे वयाच्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करण्यात आली. प्रदूषित गावांतील मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटते, असे 2004 साली दिसून आले. हवा सुधारली तेव्हा नंतरच्या मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली, हे 2015 साली सिद्ध झाले. म्हणजे ही हानी अटळ नाही.

लंडनमध्ये गजबजलेल्या हमरस्त्यालगत राहणारी एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2013 मध्ये दम्याने मरण पावली. तिच्या आईने अनेक वर्षे झुंज दिल्यावर डिसेंबर 2020 मध्ये चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. आपल्याकडे अशी किती मुले केवळ ‘दमा’ एवढ्या नोंदीखाली विसरली गेली असतील?

शहराच्या एकूण प्रदूषणात उभ्या गाड्यांचा वाटा तो केवढा, असा आक्षेप घेतला जाईल. केवळ या उपायाने दिल्लीचे आकाश निवळणार नाही, हे खरेच. परंतु शाळेच्या फाटकात हा धूर मुलाच्या नाकापासून हातभर अंतरावर निघतो, आणि तो थांबविण्यास नव्या यंत्राची वा निधीची गरज नाही; किल्ली फिरविली की पुरे.

केवळ आवाहनांनी मात्र हे होत नाही. दिल्ली सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये लाल दिव्यापाशी गाडी बंद करण्याची मोहीम काढली. तिचा रोख चौकांकडे होता, शाळांकडे नव्हता. याउलट न्यूयॉर्क शहरात 2009 पासून शाळेलगत एका मिनिटाहून अधिक काळ इंजिन चालू ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. आदेशाला धार असली की काय घडते, हे दिल्लीनेही पाहिले आहे: सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली आदेश दिला आणि 2002 अखेर राजधानीतील सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर धावू लागल्या.

मात्र कायदा करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्टिअरिंगवर बसलेला माणूस पुष्कळदा पगारी चालक असतो. मुलगा बाहेर येईपर्यंत गाडी थंड राहिली पाहिजे, ही आज्ञा मालकाची. दंडाची पावती मात्र चालकाच्या हाती, हा न्याय नव्हे. दंड मालकाकडून वसूल व्हावा. थांबणाऱ्या चालकांना सावली, पिण्याचे पाणी आणि शौचालय मिळावे. मुलांसाठी स्वस्त व पुरेशा सार्वजनिक बसगाड्या असाव्यात, म्हणजे ही रांगच आखडेल.

पालक, शिक्षक आणि वाहनचालकांच्या संघटना यांनी एकत्र येऊन आपापल्या महापालिकांपुढे ही मागणी मांडली पाहिजे. शाळा उघड्या राहाव्यात आणि इंजिने बंद व्हावीत, एवढेच तिचे सार आहे.