लहरी जनतेच्या, सूर कोणाचे?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निवाडा दिला. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असता कामा नये, आणि तिचा विनियोग लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा त्याचा आशय होता. या निवाड्याचा पहिला भाग आपण अमलात आणला; दुसरा विसरलो. सरकारी मक्तेदारी संपली खरी, परंतु तिच्या जागी लिलाव आला. २०१५ च्या लिलावात मुंबईतील एकेका वारंवारतेची बोली शंभर कोटी रुपयांच्या वर गेली. एवढी रक्कम मोजणारा मालक ती वसूल करणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. आज मोठ्या शहरात खाजगी केंद्रे अनेक आहेत. सूर मात्र एकच, चालू चित्रपटगीतांचा.

स्पर्धेतून विविधता निर्माण होते, असे मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते सांगतात. नभोवाणीच्या बाबतीत हे खरे का ठरत नाही, याचे विवेचन पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ सालीच केले होते. समजा, गावात शंभर श्रोते आहेत. ऐंशींना चित्रपटगीते हवीत, वीसजणांना लोकगीते. केंद्रे तीन असतील तर प्रत्येक मालक असा हिशेब करील की, चित्रपटगीते लावली तर ऐंशींचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे सत्तावीस श्रोते मिळतात. लोकगीते लावली तर वीसच. तेव्हा तिघेही चित्रपटगीतेच लावतील. पाचवे केंद्र निघेपर्यंत लोकगीतांची पाळी येणार नाही. आणि ज्यांचे श्रोते वीस नव्हे, पाचच आहेत, त्यांनी किती केंद्रांची वाट पाहावी? लहरी मर्यादित आहेत. तेवढी केंद्रे निघणेच शक्य नाही. शिवाय पैसा श्रोता देत नाही, जाहिरातदार देतो. श्रोत्याला गाणे किती जिव्हाळ्याचे आहे हे तो पाहत नाही; श्रोत्याच्या खिशात किती आहे, एवढेच पाहतो.

मग सर्व पुन्हा सरकारच्या हाती द्यावे काय? तसे म्हणणाऱ्यांनी बाळकृष्ण केसकरांची कारकीर्द आठवावी. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. अभिजात संगीताविषयी त्यांची आस्था खरी होती, आणि अनेक थोर गायक-वादकांना आकाशवाणीने आधार दिला, हेही खरे. परंतु जनतेने काय ऐकावे हे दिल्लीत ठरवण्याच्या हट्टापायी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोत्यांनी काय केले? सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. तात्पर्य एवढेच की, मंत्र्याची अभिरुची आणि व्यापाऱ्याचा नफा, दोन्ही श्रोत्याला गृहीत धरतात.

तिसरा मार्ग आहे, आणि तो अस्तित्वातही आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्रे चालवण्याची मुभा दिली. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेशातील, आजच्या तेलंगणातील, जहीराबाद भागात ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो दलित स्त्रिया चालवतात. त्यांच्या शेतीची, बियाण्यांची, सणांची गाणी त्यांच्याच बोलीत ऐकू येतात. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली आणि दुष्काळी माण तालुक्यातील लोककलावंतांचा आवाज लहरींवर आला. या केंद्रांची शक्ती शंभर वॅट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. लहान पल्ला हेच त्यांचे बळ आहे. कारण तेवढ्या टापूत गाणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखतात.

‘आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जगातील सर्व गाणी आहेत, या केंद्रांचे प्रयोजन काय?’ असे कोणी विचारील. सर्व गाणी नाहीत. जे गाणे कधी ध्वनिमुद्रितच झाले नाही, ते मोबाइलमध्ये येणार कोठून? जात्यावरची ओवी गाणाऱ्या वृद्धेसमोर ध्वनिक्षेपक घेऊन बसण्यास मोठ्या कंपन्यांना वेळ नाही. ते काम गावचे केंद्रच करते. ते बंद पडले तर केवळ एक वाहिनी बंद पडत नाही. त्या गाण्याला मिळालेला एकुलता एक श्रोतृवर्ग जातो, आणि पुढच्या पिढीत गाणेही जाते.

अशी केंद्रे तगणार कशी? २०२४ साली सरकारने जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांस बावन्न रुपयांवरून चौऱ्याहत्तर रुपये केला. बारा मिनिटे पूर्ण भरली तर हे तासाचे ५,३२८ रुपये होतात. कागदावर हिशेब चांगला दिसतो. परंतु माणसारख्या तालुक्यात ती मिनिटे भरणारा जाहिरातदार कोण? उरते सरकारच. म्हणजे ज्याच्या कारभाराविषयी गावाने बोलावे, त्याच्याच दारात केंद्राने हात पसरायचा. त्यातच या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. गावच्या रेडिओने गावच्या टँकरची बातमी देऊ नये, हा कोणता न्याय?

म्हणून तीन मागण्या आहेत. खाजगी केंद्रांच्या लिलावातून व वार्षिक शुल्कातून सरकारकडे जो पैसा येतो, त्यातील ठरावीक हिस्सा सामुदायिक केंद्रांसाठी कायद्याने राखून ठेवावा. तो मंत्रालयाच्या मर्जीने नव्हे, तर स्वायत्त मंडळामार्फत, ध्वनिक्षेपित केलेल्या स्थानिक कार्यक्रमांच्या तासांवर वाटावा. आणि स्थानिक बातम्यांवरील बंदी उठवावी. यात दानधर्म नाही. मालमत्ता जनतेची, भाडे व्यापारी देतो. त्या भाड्याचा वाटा मालकाने मागितला, एवढेच.

सरकार हे आपण होऊन करील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. ज्या गावात केंद्र आहे तेथील ग्रामसभा, दूधसंस्था, बचतगट आणि शिक्षक यांनी प्रथम ते आपले मानले पाहिजे. सुगीनंतर पायलीभर धान्य देऊन का होईना. आपल्या खर्चाचा काही भाग तरी जे गाव स्वतः उचलते, त्याच्या मागणीला दिल्लीत वजन येते.