काळा फवारा म्हणजे हार

जुन्या स्पोर्ट्‌स कारचं केबिन काळं करून टाकणाऱ्या प्रत्येकाला मला एकच विचारायचं आहे. मूळ रंग तुम्हाला आवडत नव्हता, की जुळवता येत नव्हता? आवडत नव्हता, तर ती गाडी घेतलीत कशाला? जुळवता येत नव्हता, तर तसं तोंडाने कबूल करा. ‘काळ्यात गाडी रुबाबदार दिसते’, ‘काळ्याला गिऱ्हाईक पटकन मिळतं’, ‘काळा कशावरही चालतो’ ही पळवाटांची भाषा आता पुरे झाली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांत तांबूस, निळं, हिरवट, बदामी असं जे काही उरलं आहे, ते या पळवाटांमुळे दर वर्षी कमी होत चाललं आहे. आणि हे करणारे स्वतःला जुन्या गाड्यांचे रसिक म्हणवतात, याची मला चीड आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो. मोटारींच्या आतलं प्लास्टिक, व्हायनिल आणि कातडं यांचे रंग एकमेकांशी जुळवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. आता घरच्या गॅरेजात जुन्या शेव्हरोले कॉर्व्हेटवर तेच काम करतो. म्हणून ठामपणे सांगतो की ‘हा रंग जुळतच नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो जुळवून पाहिलेलाच नसतो.

उदाहरण कॉर्व्हेटचंच घेतो, कारण या गाडीत आतला रंग जन्मापासून आहे. १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात पहिल्या ३०० कॉर्व्हेट तयार झाल्या. सगळ्या बाहेरून पांढऱ्या आणि सगळ्या आतून लाल. त्यामागे एक लढाई होती, ती काळ्याचा उदो उदो करणाऱ्यांनी समजून घ्यावी. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळत होती, कारण कारखान्याला तेच सोयीचं होतं. ती सक्ती मोडली जनरल मोटर्सने. ड्यूपाँट कंपनीचं झटपट वाळणारं ड्यूको लॅकर १९२३ साली त्यांच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या छटांत आलं आणि सामान्य माणसाच्या मोटारीला रंग मिळाला. आपल्या गॅरेजांत रंगकामाला अजून ‘ड्यूको’ म्हणतात, ते तिथूनच आलं. १९२७ साली जनरल मोटर्सने हार्ली अर्ल या माणसाच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर सेक्शन’ नावाचा स्वतंत्र विभाग काढला. त्याच वर्षी मॉडेल टी बंद पडली. पुढे कॉर्व्हेट आली ती याच अर्लच्या आग्रहातून.

याच अर्लने १९५० च्या दशकात अनेक स्त्री-डिझायनर नेमल्या. त्यांच्याकडे मुख्यतः गाडीचं अंतरंग होतं: कापड, कातडं, रंगसंगती. त्यांतल्या रूथ ग्लेनी यांनी १९५८ साली ‘फॅन्सी फ्री’ नावाची एक कॉर्व्हेट प्रदर्शनासाठी सजवली. तिच्या सीटना चार ऋतूंसाठी खोळींचे चार वेगवेगळे संच होते. गाडीत बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास काय राहणार, याचा इतका विचार या लोकांनी केला. बाहेरचा रंग रस्त्यावरचे लोक पाहतात. आतला रंग गाडीचा मालक पाहतो. तरी आज मालक बाहेरच्या रंगावर लाखोंनी खर्च करतो आणि आत आला की एका डब्यात सगळं उरकतो.

१९६८ ते १९८२ या काळातली तिसऱ्या पिढीची कॉर्व्हेट घ्या. सॅडल, बकस्किन, फायरथॉर्न, क्लॅरेट, ऑयस्टर असे तिचे आतले रंग. हे रंग आपोआप पडलेले नाहीत. कुणीतरी कातड्याचा तुकडा, व्हायनिलचा तुकडा, प्लास्टिकची पट्टी आणि गालिच्याचा नमुना शेजारी शेजारी ठेवून, वेगवेगळ्या उजेडात पाहून, नाकारून, पुन्हा मागवून शेवटी त्यावर सही केली आहे. काळा फवारा मारणारा ती सही पुसतो.

माझ्या ओळखीच्या एका पुणेकराने इथे १९७६ ची फायरथॉर्न केबिनची गाडी घेतली. गडद, तांबूस लाल. सीट उत्तम होत्या, गालिचा ठीक होता; दरवाज्याची पॅनेल आणि मागचे प्लास्टिकचे भाग तेवढे विटले होते. दुकानदाराने पाहताक्षणी ‘हे जुळणार नाही’ असं सांगितलं आणि सीटसकट सगळं काळं करून दिलं. चांगल्या, मूळच्या कातडी सीटही! पुढच्या उन्हाळ्यात कोपर टेकतं तिथून काळा पापुद्रा सुटला आणि खालून फायरथॉर्न दिसू लागलं. कारण वर्षानुवर्षं पुसलेली सिलिकॉनची चकाकी न काढताच त्या दुकानाने वर रंग उडवला होता. पैठणीचा पदर विरला म्हणून अख्खी पैठणी काळ्या रंगात बुडवणाऱ्याला आपण कारागीर म्हणू का? मग याला का म्हणायचं?

‘जुळत नाही’ या तक्रारीत तथ्य किती आहे, तेही सांगतो. अडचण खरी आहे, पण तिची कारणं माहीत आहेत आणि माहीत असलेल्या अडचणीवर उपाय असतो. केबिनमध्ये एक वस्तू नसते. सीट कातड्याची, डॅशबोर्डवर फोमवर ताणलेलं व्हायनिल, पॅनेल एबीएस प्लास्टिकची, खाली नायलॉनचा गालिचा. प्रत्येक पदार्थ रंग वेगळा धरतो आणि उन्हात वेगळा सोडतो. या पिढीच्या बहुतेक कॉर्व्हेटना छताचे वरून काढता येणारे तुकडे, म्हणजे टी-टॉप, आहेत, आणि १९७८ पासून मागे भलीमोठी काच आली, म्हणजे ऊन थेट मागच्या प्लास्टिकवर. त्यामुळे एकाच दिवशी एकाच रंगात कारखान्यातून निघालेले भाग आज चार छटांत उभे असतात. त्यातून, त्या काळी प्लास्टिकमध्ये कॅडमियमची आणि शिशाची रंगद्रव्यं सर्रास वापरली जात. आजच्या रंगांत ती नसतात. म्हणून नवा रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळतो आणि गाडी उन्हात काढली की हिरवट किंवा जांभळट दिसतो. दोन रंगांचं प्रकाश परतवण्याचं गणित वेगळं असेल तर एका उजेडातली जोडी दुसऱ्या उजेडात फुटते. यात जादू नाही, दैव नाही. तीन उजेडांत तपासा: दुपारचा सावलीतला उजेड, ट्यूब, पिवळा बल्ब. तिन्हींत निभावेल असं मिश्रण मिळेपर्यंत थांबा. जो थांबायला तयार नाही त्याने अडचणीचं रडगाणं गाऊ नये.

काळेवाल्यांइतकाच माझा राग कोडवाल्यांवर आहे. गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दरवाज्याच्या खांबावर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर आतल्या रंगाचा कोड. हे लोक तो कोड वाचतात, त्या नावाचा स्प्रेचा डबा मागवतात आणि डब्यावरचं नाव बरोबर आहे म्हणजे रंगही बरोबर आहे असं धरून चालतात. कोड सांगतो तो कारखान्यातून निघालेल्या दिवसाचा रंग. डबा सांगतो तो डबा भरणाऱ्याचा अंदाज. आणि तुमच्यासमोर आहे ती पन्नास उन्हाळे पाहिलेली गाडी. या तिन्हींची आपोआप गाठ पडत नाही. एक पॅनेल डब्यातून रंगवलंत तर ते शेजाऱ्यांत उपरं दिसतं; ते झाकायला दुसरं रंगवता, मग तिसरं, आणि शेवटी धड असलेला मूळ भागही एका सपाट, निर्जीव थराखाली जातो. कोडापासून सुरुवात करावी. कोडापाशी थांबणारा आळशी असतो.

चकाकीचं तर कुणी नावही काढत नाही. रंग हुबेहूब असूनही पॅनेल खोटं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा चकाकी असते. डॅशबोर्डचा वरचा भाग मुद्दाम निस्तेज ठेवलेला असतो, नाहीतर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत उमटतं आणि चालवणाऱ्याला रस्ता नीट दिसत नाही. त्यावर क्लिअरचा चमकदार, पारदर्शक थर मारणारा गाडी बिघडवतोच, शिवाय चालवणाऱ्याला धोक्यात घालतो.

काम कसं करायचं ते लपवून ठेवण्यासारखं नाही. आधी खरा रंग शोधा. दरवाज्याच्या उंबऱ्याच्या पट्टीखाली, सीटबेल्टच्या झाकणामागे, पॅनेलच्या कडा जिथे एकमेकींखाली दडतात तिथे ऊन कधीच पोचलेलं नसतं. तो रंग टिपून घ्या. मग ठरवा की केबिनमधला सर्वांत मोठा धड मूळ भाग कोणता. सीट असतील तर सीट. बाकीचं सगळं त्या भागाशी जुळवायचं, कागदावरच्या कोडाशी नाही. मग धुणं. साबणाचं पाणी, बारीक घासणी, पुन्हा पाणी, मग तेल-मेण उतरवणारं द्रावण, तेही स्वच्छ फडक्याने आणि फडकं बदलत. सिलिकॉन राहिलं तर रंगाला डोळे पडतात आणि नंतर पापुद्रे निघतात. नमुना आधी पॅनेलच्या मागच्या बाजूला उडवा, पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात. मग पातळ, धुक्यासारखे हात, प्रत्येकानंतर थांबून. एकच जाड हात मारलात तर प्लास्टिकवरचा कातड्यासारखा पोत बुजतो आणि बुजलेला पोत परत आणता येत नाही. कातड्याला प्लास्टिकचं लॅकर लावू नका. त्याला लवचिक, पाण्यात मिसळणारा कातड्याचा रंग लागतो, स्पंजाने आणि बारीक फवाऱ्याने चढवलेला. नाहीतर पहिल्यांदा बसताच घड्यांवर भेगा.

काही गोष्टींना हात लावूच नका. सीटबेल्टचा पट्टा रंगवू नका. त्याच्या धाग्यांवर माणसाचा जीव टांगलेला असतो आणि रंगातली रसायनं ते धागे कमजोर करू शकतात. विटला असेल तर जाणकाराकडून नवा पट्टा भरून घ्या. तडकलेल्या डॅशबोर्डवर रंग मारून तो बरा झाला असं सांगू नका. व्हायनिल मऊ ठेवणारी द्रव्यं त्यातून उडून गेलेली असतात, ती फवाऱ्याने परत येत नाहीत. आणि ज्या पीयू क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते तोंडाला रुमाल बांधून मारायला गॅरेजातल्या पोराला लावू नका. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तुमच्या हौसेपायी कुणाच्या फुप्फुसाचं वाटोळं करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

‘गाडी माझी, मर्जी माझी’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. गाडी तुमचीच आहे. काळी करा, गुलाबी करा, कायदा अडवत नाही. पण मग तिला ‘रिस्टोर्ड’ म्हणून विकू नका. अमेरिकेत कॉर्व्हेट जपणाऱ्यांची एनसीआरएस ही १९७४ साली स्थापन झालेली संस्था गाड्या तपासते ती कारखान्यातून निघाली तशी आहे का, या कसोटीवर. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या मेळ्यात मूळ अंग राखलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग आहे. म्हणजे मूळपणाची किंमत जाणणारे लोक आहेत. काळ्याला भाव आहे असं सांगणारा दलाल तुम्हाला त्याच्या सोयीचा भाव सांगतो.

हे दुखणं फक्त अमेरिकेचं नाही. मुंबई-पुण्यात जुन्या गाड्या मिरवतात तेव्हा बाहेरच्या चकचकीत रंगाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा काचेतून आत डोकावावं. सहा दशकांपूर्वीच्या फियाटमध्ये आजच्या टॅक्सीचं काळं रेक्झिन चढवलेलं दिसतं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. पत्र्याची ‘टचिंग’ जुळली नाही तर आपण गॅरेजवाल्याशी भांडतो. आतलं सगळंच बदललं तर त्याला चहा पाजतो. हा दुटप्पीपणा आहे आणि त्याला मालकच जबाबदार आहेत. मालक मागेल तेच कारागीर शिकेल. मालक काळं मागत राहिला तर पुढच्या पिढीत रंग जुळवणारा डोळाच उरणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. विकणाऱ्याने आतला रंग बदलला असेल तर तसं लेखी द्यावं. दुकानदाराला जमत नसेल तर त्याने ‘मला जमत नाही’ म्हणावं, ‘हे होत नाही’ म्हणू नये. मालकाने बाहेरच्या रंगासाठी जो पैसा आणि जो वेळ ठेवला, त्यातला वाटा आतल्यासाठी ठेवावा. आणि यातलं काहीच शक्य नसेल, तर विटलेलं केबिन विटलेलंच राहू द्या. विटलेल्या रंगावरून जाणता माणूस उद्याही मूळ रंग शोधून काढेल. काळा थर मात्र ज्या थिनरने उतरतो, त्याच थिनरने खालचं प्लास्टिक वितळतं. तुम्ही पाच मिनिटांत उडवलेला फवारा पुढच्या माणसाला आयुष्यभर काढता येणार नाही, हे बोट दाबण्याआधी लक्षात ठेवा.