पाइप फुटला तर किती सेकंदांत कळणार? हे गावाला माहीत पाहिजे



एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटरची लोहखनिजाच्या गाळाची पाइपलाइन 2025 मध्ये सुरू झाली. आष्टी-आलापल्ली रस्त्यावरचे ट्रक त्यामुळे कमी होत असतील तर चांगलंच आहे. माझा विरोध पाइपला नाही. पाइपची माहिती कंपनीच्या फाइलमध्येच राहते, त्याला आहे.

27 जून 2014. आंध्रच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातलं नगरम गाव. तिथली गेलची गॅस पाइपलाइन गळली, गॅस वस्तीत पसरला आणि पहाटे पेटला. 20 हून जास्त माणसं गेली.

दाबाखालचा गॅसचा पाइप फुटला की दाब सगळीकडे एकदम पडत नाही. फुटल्या जागेपासून दोन्ही बाजूंना दाबाची लाट धावते. नैसर्गिक वायूत ती सेकंदाला साधारण 400 मीटर जाते. म्हणजे 10 किलोमीटरवरच्या व्हॉल्व्हला खबर मिळायला 25 सेकंद. गळती बारीक असेल तर लाट वाटेतच विरते, अलार्म वाजतच नाही. आणि व्हॉल्व्ह बंद झाला तरी दोन व्हॉल्व्हच्या मधला गॅस बाहेर येतच राहतो.

गाळाच्या पाइपचं गणित वेगळं. त्यात लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास पळते, आणि व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर दाब उलटा उसळतो. घरचा नळ एकदम बंद केल्यावर पाइप ठक्क करतो ना, तेच, पण कितीतरी मोठं. आग लागत नाही, पण गाळ नाल्यात, धानाच्या बांधीत शिरू शकतो.

हे सगळं इंजिनिअर लोक कॉम्प्युटरवर आधीच करून बघतात: पाइप इथं फुटला तर दाब कुठं किती, व्हॉल्व्ह किती वेळात लावायचा, बाहेर किती येणार. म्हणजे आकडे काढता येतात. मग ते ग्रामसभेपुढं का येत नाहीत?

काही जण म्हणतील, सुरक्षेचा मामला आहे, सगळं उघड करता येत नाही. ठीक आहे जी, नकाशे नका देऊ. एवढंच सांगा:

1) आमच्या गावाजवळ पाइप फुटला तर बंद व्हायला किती मिनिटं?
2) तोवर किती माल बाहेर येईल, कोणत्या नाल्याकडे जाईल?
3) खबर कोणाला द्यायची, आणि मोबाइलला रेंज नसेल तर कशी?

उत्तरं मराठीत, गोंडीत, बंगालीत, तेलुगूत द्या, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. पाइपजवळ सर्वात आधी पोचणारा माणूस कंपनीचा नसतो, गुरं चारणारा आपलाच कोणीतरी असतो. त्याला काय करायचं ते माहीत नसेल, तर कॉम्प्युटरवरचा हिशेब अर्धाच राहिला.

पुढच्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न लेखी द्या. ठरावात नोंद झाल्याशिवाय उठू नका.