घर विकायचंय? रंगारी शेवटी बोलवा

मुलं पुण्याला नाहीतर त्याहून लांब, आई-वडील थकलेले किंवा गेलेले, आणि साताऱ्याच्या पेठेतलं किंवा सांगलीच्या गावभागातलं घर कुलूपबंद. शेवटी सगळे मिळून ठरवतात, काढून टाकू. ठरल्यावर पहिला फोन जातो रंगाऱ्याला. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी कागद, मग गवंडी, मग वायरमन, आणि पैसे उरले तर रंग.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कुणी करत नाही. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. अनेक घरांत ती अजून आजोबांचीच असतात. वारसनोंद झालेली नसते आणि बहिणींना गृहीत धरलेलं असतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आहे. तेव्हा एकतर बहिणींनी खरेदीखतावर सही करायची, नाहीतर रीतसर नोंदवलेलं हक्कसोडपत्र द्यायचं. "ताई काही म्हणणार नाही" यावर कोणतीही बँक कर्ज देत नाही. सांगलीत जागा गुंठेवारीतली असेल तर 2001 च्या कायद्याखाली ती नियमित झाली आहे का ते पाहा. झाली नसेल तर घरात इटालियन मार्बल घातला तरी कर्ज काढणारा गिऱ्हाईक परत जाईल.

आता गवंडी. साताऱ्यात घराचा शत्रू पाऊस. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या वस्तीत पाणी वरून येतं तसं मागच्या भिंतीतूनही झिरपतं. गच्चीवर जा. पन्हळीचं तोंड चिंध्यांनी बंद करा, दोन-तीन इंच पाणी कोंडा आणि दोन दिवस थांबा. मग खाली येऊन छत पाहा. डाग बहुतेक वेळा खोलीच्या मधोमध पडत नाही, तो भिंतीच्या कडेला पडतो. कारण पाणी शिरतं ते कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या सांध्यातून. तो सांधा खरवडून, साफ करून, तिथे सिमेंटचा गोलसर उतार करून घ्यायचा, आणि कोब्याचा ढाळ पन्हळीकडे नीट आहे ना ते बघायचं. हे काम दिसत नाही. पण आषाढात घर बघायला येणाऱ्याला कोरडं छत दिसतं, आणि त्या एका गोष्टीवर भाव टिकतो.

पेठेतलं जुनं घर दगड-मातीचं किंवा चुन्याचं असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा ठोकू नका. आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, मग पांढरा खार फुटतो आणि वर्षा-दोन वर्षांत गिलावा फुगून पडतो. त्यावर ऑइलपेंट लावला तर आणखी लवकर. चुन्याचं काम करणारा गवंडी मिळाला तर त्याच्याकडून करून घ्या, न मिळाला तर भिंत साफ करून आहे तशी ठेवा. जुन्या घराचा गिऱ्हाईक जुनं बघायलाच आलेला असतो, किंवा पाडून बांधायला. दोघांनाही तुमचा नवा गिलावा नको असतो.

भेगांचंही असंच. पाटण-कराडकडे भिंतीला पडलेली कुठलीही भेग 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाच्या नावावर खपवायची रीत आहे. असेलही ती तेव्हाची. पण खात्री करा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, वर तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आणि झोपलेली, बुजवून टाका. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे, तिथे गवंड्याचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

सांगलीत घर दाखवताना गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी किती आलं होतं?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, जुलै 2021 मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. 2005 चा पूरही लोक विसरलेले नाहीत. अशा गावात भिंतीवरची पुराची रेघ रंगाने झाकून काय मिळणार? कोपऱ्यावरचा पानवाला पाच मिनिटांत सगळं सांगतो. उलट तुम्हीच सांगा, "2019 ला या खिडकीच्या चौकटीपर्यंत होतं, 2021 ला पायरीपर्यंत." शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्यावर बंधनच आहे. घर पूररेषेत येतं का, निळ्या की लाल, तेही आधी विचारून ठेवा. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधनं असतात, म्हणजे पाडून बांधणारा गिऱ्हाईक तिथे सहजी मिळायचा नाही.

पूर आलेल्या घरात खर्च करायचाच तर असा करा. विजेचे बोर्ड आणि मीटर पाण्याच्या खुणेच्या वर न्या, पाण्यात राहिलेली वायरिंग बदला, अर्थिंग तपासून घ्या. चेंबरमधला गाळ काढा. खालच्या मजल्यावर फुगलेलं प्लायवूड असेल तर ते काढून टाका, पुन्हा प्लायवूड लावू नका. वाळवी लागलेली चौकट बदला. घरात शिरल्यावर जो कुबट वास येतो तो उदबत्तीने जात नाही, आठवडाभर दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो.

स्वयंपाकघर नवं करू नका. घर घेणारी बाई तुमची मॉड्युलर ट्रॉली पहिल्या महिन्यात काढून टाकणार, कारण तिला ओटा दुसऱ्या भिंतीला हवा असतो. गळके नळ, न लागणाऱ्या कड्या, बंद फ्लश मात्र दुरुस्त करा. आणि माळा रिकामा करा. तांब्याचा बंब, मोडके पाळणे, लग्नातल्या सतरंज्या कोण घेणार यावर भावंडांत जे व्हायचं ते आधीच होऊन जाऊ दे. गिऱ्हाइकासमोर नको. रिकामी खोली मोठी दिसते, आणि त्याला खर्च शून्य.

रंग द्यायचा तर पावसाळा सरून भिंती वाळल्यावर, फिका आणि एकच.

खर्चाच्या पावत्या जपा. नवी स्लॅब, नवी खोली, नवं बाथरूम असा घरात भर घालणारा खर्च भांडवली नफा काढताना धरता येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी सहसा धरत नाहीत. दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, आणि घर 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं असेल तर महागाईचा निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा पर्याय निवासी व्यक्तीला आहे. 2001 पूर्वीच्या घराला 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत धरता येते, तिचा मूल्यांकन दाखला आधी काढून ठेवा. विसाराची रक्कम बँकेतूनच घ्या. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, आणि तो रोख घेणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या माथी.