विश्लेषण : ‘लो कार्ब’ आहारात बीअर, वाइन चालते का? नेमके काय मोजायचे?

भात बंद, पोळी अर्धी, साखर हद्दपार. पण शनिवारच्या बीअरचे काय? वजन घटवण्यासाठी किंवा मधुमेह आटोक्यात ठेवण्यासाठी कमी कर्बोदकांचा, म्हणजे ‘लो कार्ब’ आहार घेणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. ‘हलकी बीअर घ्या किंवा ड्राय वाइन घ्या’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. ‘आयसीएमआर-इंडियाब’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यामुळे उरलेले अर्धे उत्तर अनेकांसाठी महत्त्वाचे ठरते.

बीअरमध्ये कर्बोदके कुठून येतात?

बीअर प्रामुख्याने बार्लीच्या माल्टपासून बनते. माल्टमधील स्टार्चचे विघटन होऊन काही साध्या शर्करा तयार होतात, तर काही डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळ्या उरतात. यीस्ट साध्या शर्करा खाऊन अल्कोहोल तयार करते. डेक्स्ट्रिन मात्र त्याला पचत नाहीत आणि ते बीअरमध्येच राहतात. म्हणजे बीअरमधील कर्बोदके बहुतांशी साखर नसून डेक्स्ट्रिन असतात. त्यामुळे ‘आमच्या बीअरमध्ये साखर नाही’ या जाहिरातीने फारसे काही सिद्ध होत नाही. नेहमीच्या ३५५ मिलिलिटर बीअरमध्ये साधारण १३ ग्रॅम कर्बोदके असतात.

‘लो कार्ब’ बीअर वेगळी कशी?

आंबवताना जास्तीचे विकर घालून डेक्स्ट्रिनही तोडले, तर यीस्ट तेही संपवते. कर्बोदके घटतात, अल्कोहोल वाढते आणि मग पाणी मिसळून तीव्रता खाली आणता येते. अमेरिकेत जोसेफ ओवेड्स या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने १९६७ मध्ये ‘गॅब्लिंगर्स डाएट बीअर’ बाजारात आली. ती चालली नाही, पण पुढे ‘लाइट’ बीअर त्याच वाटेने लोकप्रिय झाली. २००२ मध्ये आलेल्या ‘मिकेलोब अल्ट्रा’च्या ३५५ मिलिलिटरमध्ये २.६ ग्रॅम कर्बोदके आणि ९५ कॅलरी असतात. अमेरिकी नियामकाच्या २००४ च्या निर्णयानुसार एका वाढपात सात ग्रॅमपर्यंत कर्बोदके असली तरी ‘लो कार्ब’ म्हणता येते. म्हणजे दोन ‘लो कार्ब’ बीअरमध्येही दुपटीहून अधिक फरक असू शकतो.

कर्बोदके घटली, मग कॅलरी का उरतात?

कारण अल्कोहोल हे कर्बोदक नाही. एक ग्रॅम कर्बोदकातून चार कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम अल्कोहोलमधून सात. वरच्या ९५ कॅलरींपैकी ८० हून अधिक एकट्या अल्कोहोलच्या आहेत.

आपल्याकडे तर ‘स्ट्राँग’ बीअरचाच बोलबाला आहे. सात टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३६ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे अडीचशे कॅलरी त्यातूनच येतात, कर्बोदके वेगळी. व्हिस्कीत कर्बोदके जवळपास शून्य, तरी ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १४० कॅलरी असतात. फक्त कर्बोदके मोजणाऱ्याच्या हिशेबात त्या दिसतच नाहीत.

वाइन निवडताना काय पाहायचे?

द्राक्षांतील साखर यीस्टने किती संपवली, यावर वाइनचा गोडवा ठरतो. ड्राय वाइनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात साधारण चार ग्रॅम कर्बोदके आणि १२० ते १२५ कॅलरी असतात. लाल की पांढरी याने फारसा फरक पडत नाही. ड्राय की गोड याने पडतो. ‘लेट हार्वेस्ट’ म्हणजे उशिरा तोडलेल्या, जास्त गोड द्राक्षांची वाइन. ती आणि गोव्यात सहज मिळणारी गोड ‘पोर्ट’ या आहारात बसत नाहीत.

फसगत होते ती स्पार्कलिंग वाइनमध्ये. युरोपीय वर्गवारीनुसार ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, तर ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅम. नावात ‘ड्राय’ असूनही ती ब्रूटपेक्षा गोड असते. सर्वांत कमी साखर ‘ब्रूट नेचर’मध्ये, तीन ग्रॅमपेक्षा कमी.

लेबल मदत करते का?

भारतात फारशी नाही. मद्याच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण आणि वैधानिक इशारा बंधनकारक आहे. इतर खाद्यपदार्थांप्रमाणे पोषणमूल्यांचा तक्ता देणे नाही. बिस्किटाच्या पुड्यावर जे कळते, ते बीअरच्या बाटलीवर कळत नाही. युरोपीय महासंघाने ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार होणाऱ्या वाइनसाठी घटक आणि पोषणमूल्ये सांगणे सक्तीचे केले. सविस्तर माहिती क्यूआर कोडद्वारे देण्याची मुभा आहे. अमेरिकेतही कॅलरी आणि कर्बोदके छापण्याचा प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मांडला गेला. आपल्याकडे तोवर ग्राहकाच्या हाती दोनच आकडे उरतात : अल्कोहोलची टक्केवारी आणि बाटलीचे आकारमान. या दोहोंचा गुणाकार करून त्याला ०.७९ ने गुणले आणि शंभरने भागले की अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात.

खरा धोका कोणाला?

अल्कोहोल शरीरात साठवता येत नाही. त्यामुळे यकृत आधी त्याचा निचरा करते आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. रक्तातील साखर कमी पडल्यास नवी साखर तयार करण्याचे यकृताचे कामही अल्कोहोलमुळे मंदावते. कर्बोदके आधीच कमी आणि पोट रिकामे असेल, तर इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, कधी कधी पिऊन झाल्यावर बऱ्याच तासांनी. घाम, थरथर आणि अडखळते बोलणे ही लक्षणे नशेसारखीच दिसत असल्याने सोबतच्यांच्या ते लक्षातही येत नाही. ‘एसजीएलटी-२’ गटातील औषधे घेणाऱ्यांना अतिमद्यपान आणि अत्यल्प कर्बोदके यांमुळे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका वाढतो. कमी कर्बोदकांची बीअर निवडल्याने यातले काहीही टळत नाही. अशा रुग्णांनी आहार बदलतानाच मद्याबद्दलही डॉक्टरांशी स्पष्ट बोलले पाहिजे.

मग निवड कशी करावी?

आरोग्यासाठी म्हणून मद्य सुरू करण्याचे कारण नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जे घेतातच त्यांनी स्ट्राँगऐवजी माइल्ड बीअर, मोठ्या बाटलीऐवजी लहान आणि गोडऐवजी ड्राय वाइन निवडणे श्रेयस्कर. ‘झिरो’ बीअरमध्ये अल्कोहोल नसले तरी कर्बोदके नेहमीच्या बीअरइतकी किंवा जास्त असू शकतात. तिच्यावर पोषणतक्ता असल्यास तो वाचावा. चखण्यात फरसाण, वेफर्सऐवजी शेंगदाणे, उकडलेली अंडी, काकडी बरी. कर्बोदकांचा आकडा पाहावाच, पण ग्लासात अल्कोहोल किती आणि ग्लास किती, हे त्याआधी मोजावे.