गाडी चालता चालता बंद का पडते?

परवडेल अशा किमतीत जुनी गाडी दारात येते. घरातली सगळी मंडळी खूष असतात. महिना-दीड महिना बरा जातो आणि एक दिवस भर रस्त्यात इंजिन बंद पडते. किल्ली फिरवताच पुन्हा सुरू होते, म्हणून आपण सोडून देतो. तेच पुन्हा दोन-चारदा झाले की गॅरेज गाठतो. तिथे आधी प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला बॅटरी, मग पेट्रोल पंप. हजारो रुपये जातात, दुखणे मात्र तसेच राहते.

यात दर वेळी मेकॅनिकचाच दोष असतो असे नाही. गॅरेजमध्ये गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. ती बंद पडते तेव्हा आत मेकॅनिक नसतो, तुम्ही असता. म्हणून या आजाराचे निम्मे निदान मालकाच्याच हाती असते.

आधी जीव सांभाळा

इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पाय दाबण्यापुरतीच उरते. त्यानंतर पॅडल दगडासारखे कडक होते. ब्रेक लागतो, पण बराच जोर द्यावा लागतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे घ्या. गाडी पुरती थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नका, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते. चढावर हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा.

बंद पडण्याची तऱ्हा पाहा

गाडीत एक छोटी वही ठेवा. गाडी बंद पडली की वेळ, वेग, चढ की सपाट रस्ता, इंजिन गार की गरम, टाकीत पेट्रोल किती, ए.सी. चालू होता का आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली, एवढे लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की गाडी स्वतःच बोलू लागते.

सिग्नलला किंवा क्लच दाबून वेग कमी करताना बंद पडते, पण धावताना उत्तम चालते? मग दोष बहुधा आयडलिंगचा. कार्बुरेटरच्या गाडीत आयडलिंगचा जेट तुंबलेला असतो किंवा स्क्रू बिघडलेला असतो. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीत काजळी साचते किंवा आयडल व्हॉल्व्ह अडकतो. रबरी व्हॅक्यूम नळीला चीर गेली असेल तर बॉनेट उघडल्यावर ‘सूं’ असा आवाजही ऐकू येतो.

चढावर किंवा वेगात झटके देत, दम तुटल्यासारखी थांबते? मग पेट्रोल अपुरे पोहोचते. फिल्टर तुंबलेला असेल, पंप थकलेला असेल किंवा टाकीच्या तळाशी गाळ असेल. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन टाकीचे झाकण उघडून पाहा. हवा आत ओढल्याचा आवाज झाला आणि गाडी लगेच नीट चालू लागली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग तुंबला आहे. हा दोष फार थोडक्या खर्चात जातो.

कोणी किल्ली बंद करावी तशी एका क्षणात थांबते? मग विजेकडे वळा. त्या वेळी डॅशबोर्डचे दिवेही गेले, तर बॅटरीचे सैल किंवा गंजलेले टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि किल्लीचा स्विच तपासायला सांगा. किल्लीला जड जुडगा लटकवण्याची सवय असेल तर तीही सोडा. दिवे जळत राहिले, तर इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्यूटर किंवा क्रँक सेन्सर यांच्यावर संशय घ्यावा.

गरम झाली की थांबते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते? कॉइल आणि क्रँक सेन्सर हे दोन्ही तापल्यावर दगा देऊन गार झाल्यावर पुन्हा चालू लागतात. कार्बुरेटरच्या गाडीत भर उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊनही असे घडते. याउलट फक्त पावसाळ्यातच त्रास असेल, तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल आहे का आणि प्लगच्या वायरींना चिरा आहेत का ते पाहावे.

सीएनजी बसवलेली गाडी असेल तर एक सोपी परीक्षा आहे. गाडी दोन-चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. त्रास थांबला तर दोष गॅसच्या किटमध्ये, नाही तर इतरत्र.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांतल्या सगळ्याच रबरी नळ्या व सील त्यासाठी बनवलेले नसतात. गाडी पुष्कळ दिवस उभी असेल तर या नळ्या आणि फिल्टर आधी पाहून घ्यावेत.

स्वस्तापासून सुरुवात

टर्मिनल घासून घट्ट करणे, एअर फिल्टर साफ करणे, पेट्रोल फिल्टर बदलणे ही कामे आधी करा. बॅटरी बदलण्यापूर्वी मीटर लावायला सांगा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, तर सुटे भाग घेण्याआधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काही दिवस गाडी चालवून पाहा. चार भाग एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही. काढलेला जुना भाग मागून घ्या. गरम इंजिनवर पेट्रोलची नळी स्वतः सोडवण्याचे धाडस मात्र कधीही करू नका. सांडलेले पेट्रोल पेट घेऊ शकते.

नेमके कारण सापडून गाडी आठ-पंधरा दिवस विनातक्रार चालेपर्यंत घाट, हायवे आणि रात्रीचा प्रवास टाळा. लग्नाला किंवा देवदर्शनाला त्या काळात एस.टी.ने किंवा रेल्वेने गेलात तरी काही बिघडत नाही. मुलाबाळांना घेऊन मागून ट्रक येत असताना रस्त्याच्या मध्ये थांबणे मात्र फार महागात पडते.